वांग्याच्या गोळ्यांचा पास्ता

मी एक जुना मातीचा थाळा आहे. बाहेरून तांबडा, आतून पिवळसर झिलईचा. मित्रांनो, मातीची भांडी शांत स्वभावाची असतात म्हणे. मी तसा नाही. इटलीतल्या ग्रोत्तालिए गावच्या कुंभाराने मला भट्टीतून काढलं, ती धग अजून माझ्या अंगात आहे. जरा कुठे खुट्ट झालं की माझा जीव खालीवर होतो.

दोनाता आजींनी मला लग्नानंतर लगेच घरी आणलं. तेव्हापासून दर रविवारी माझ्यात पास्ता भाजला जाई. टोमॅटोचा रस, वितळलेलं चीज आणि मधेमधे खिम्याच्या बोराएवढ्या गोळ्या. कडेच्या खरपुडीसाठी त्यांचा मुलगा कोसिमो बहिणीशी मारामारी करायचा. मग मुलं मोठी झाली, शहरात गेली आणि मी कपाटात कांदे सांभाळत बसलो. ते दिवस मला फार जड गेले.

कोसिमोला जुळी झाली, रोक्को आणि तेआ. ती जेवू लागली तसा मी पुन्हा बाहेर आलो. पण सून सेरेना मांस खात नाही, मुलांनाही देत नाही. "बोराएवढ्या गोळीत कसलं आलंय मांस!" म्हणत आजींनी गेल्या रविवारी गोळ्या घातल्याच. सेरेनाने ताटलीतून एक उचलली आणि म्हणाली, "आई, पुन्हा असं झालं तर मुलं इथे जेवणार नाहीत."

आठवडाभर आजींना चैन नव्हतं. या रविवारी त्यांनी वांगी भाजली, शिळा पाव भिजवला, चीज किसलं आणि सगळं मळून गोळ्या तळल्या. चिमुकल्यांसाठी पास्ता बारीक घेतला, मऊ शिजवला, मीठ बेताचं घातलं. ओव्हनमधून निघाल्यावर मला फडक्याखाली ठेवलं. पास्ता मुरल्याशिवाय कापायचा नाही, अशी इथली रीत. मला मात्र ते थांबणं सोसत नाही.

तेवढ्यात सेरेना आत आली. माझ्याशेजारी ताटलीत उरलेल्या गोळ्या तिला दिसल्या.

"पुन्हा गोळ्या?"

आजींना ते फार लागलं. "हो, गोळ्या! त्यांच्याशिवाय पास्ता म्हणजे उपासाचं जेवण."

"कोसिमो, मुलांना बूट घाल. निघालो आपण."

"आई, तू तरी काही बोल ना गं!" कोसिमो म्हणाला.

"मी कशाला बोलू? या घरात माझं ऐकतंय कोण!"

मी आतल्या आत तळमळत होतो. वांगं आहे गं बाई, वांगं! आज ही मुलं गेली तर परत कधी येतील, या विचाराने मला धडकी भरली.

तेआ सध्या दिसेल त्याला भरवत सुटते. तिने ताटलीतली एक गोळी उचलली आणि "आं!" करत आईच्या तोंडात कोंबली. थुंकावी तर लेक टक लावून बघतेय. सेरेनाने नाइलाजाने चावली, आणि थांबली.

"हे वांगं आहे?"

"मग काय असणार?" आजींनी ताटलीच तिच्यापुढे सरकवली.

"आधी सांगायचं ना, आई!"

"तू विचारलंस कुठे? तू तर बूट मागितलेस."

सेरेनाचा चेहरा उतरला. तिने खाली बसून रोक्कोचे बूट काढले, आणि मग फडकं उचलून मोठा चमचा आजींच्या हातात दिला.

मित्रांनो, मातीच्या भांड्यांना जपा, तापलेला थाळा ओल्या ओट्यावर ठेवू नका. आणि अजून एक. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. त्या दुपारी ज्या एका शब्दासाठी मी तळमळलो, तसा शब्द तुमच्या जिभेवर आला तर रागाच्या भरात गिळू नका.