हाराआडचा काटा

मित्रांनो, मी एक जुना अँमीटर आहे आणि ती गोष्ट आठवली की माझं डोकं आजही तापतं. तारेतून वीज किती वाहते, ते मी काट्यानं अँपिअरमध्ये दाखवतो. एवढंच माझं काम. पण ते बघायला मान वर करावी लागते, आणि तेवढीही कुणाला सवड नव्हती!

१९२८ साली, पेंढ्यात गुंडाळलेला मी बोटीनं आणि मग रेल्वेनं सोलापूरच्या एका गिरणीत आलो. सूत वाळवायच्या खोलीत विजेची मोठी शेगडी होती, तिच्या मागच्या भिंतीवर मला बसवलं. शेजारी व्होल्टमीटर. तो दोनशेवीस दाखवायचा, मी दहा. वायरमन कमलाकर म्हणायचा, "व्होल्टला अँपिअरनं भागा, शेगडीच्या तारेचा रोध बावीस ओहम. दोन्ही गुणा, शक्ती बावीसशे वॉट. ठीक चाललंय!" मग तो माझी काच पुसायचा. बरे दिवस होते ते.

पुढं एका वर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली आणि कुंडलिक मुकादमानं मला झेंडूचा एवढा जाड हार घातला की काटाच झाकला गेला. अरे, मी काय देवळातला देव आहे? दसरा झाला, फुलं सुकली, तरी हार तसाच. "पूजेचा हाय, राहू दे की," म्हणे!

त्याच आठवड्यात शेगडीची तार तुटली. कमलाकर कामानं होटगीला गेलेला. कुंडलिकनं उभा जन्म तुटलेलं सूत सांधण्यात घातला होता. त्यानं तारेचा काळा पडलेला अर्धा भाग कापून टाकला आणि उरलेल्या टोकांना सुतासारखी गाठ मारली. "झालं की!" म्हणाला. झालं कपाळ! सुताचा तुकडा गेला तर काही बिघडत नाही, पण तार अर्धी झाली की रोधही अर्धा होतो. बटण दाबताच माझा काटा वीसवर गेला. हाराआडून मी कुणाला ओरडून सांगणार?

तासाभरात सुताच्या लडी करपल्या. आणि खापर कुणावर? शेगडी सांभाळणाऱ्या चंद्रव्वावर!

"झोपली असशील! उद्यापास्नं येऊ नगंस," कुंडलिक ओरडला.

"म्या हितनं हाललेबी न्हाय!" चंद्रव्वा म्हणाली. "दोन लेकरं हायती माजी. फुकटचा आळ का घेताय?"

संध्याकाळी कमलाकर परतला. त्यानं हार ओढून काढला, क्षणभर बटण दाबलं आणि खडूनं भिंतीवर मांडलं: दोनशेवीस भागिले वीस, अकरा. "रोध अर्धाच उरलाय. आता दोनशेवीस गुणिले वीस, चव्वेचाळीसशे वॉट! शेगडी दुप्पट तापत होती, मुकादम. तार तुम्ही कापलीत, हिचा काय दोष?"

कुंडलिक चंद्रव्वाकडे वळला. "ये उद्या," एवढंच पुटपुटला. चूक झाली म्हणायला जीभ रेटली नाही त्याची! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी नवी तार बसली. चंद्रव्वा माझ्यासमोर उभी राहिली. "दादा, मला आकडं येत न्हाईत," ती कमलाकरला म्हणाली. "काटा कुटं थांबला म्हंजी बरूबर, ते दाव." त्यानं दहावर बोट ठेवलं. तिनं कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आणि माझ्या काचेवर तिथंच ठिपका लावला.

"काटा ह्येच्या म्होरं गेला की मी बटनच बंद करनार. मग मुकादम असू दे, न्हायतर मालक!"

मित्रांनो, यंत्राला हार घालू नका. घातलात तर निदान त्याचं तोंड झाकू नका, आणि रोज एकदा त्याच्याकडे बघा. चंद्रव्वा गिरणीत होती तोवर रोज बघत होती. तिच्या शेगडीवर पुन्हा एक लडही करपली नाही.