जाळं नसलेली कातीण

सोमवारी अर्चनाला कारखान्यात पॅकिंगच्या कामावर रुजू व्हायचं होतं. दोन वर्षांच्या शालूला सांभाळायला म्हणून सासूबाई, रंभाबाई, परभणीकडून मुद्दाम बोईसरच्या भाड्याच्या खोलीत आल्या होत्या. आणि शनिवारी सकाळी मोरीच्या भिंतीवर ती दिसली.

तळहाताएवढी. चपटी, तपकिरी, खेकड्यासारखे पाय पसरलेली. अर्चनाने बादली उचलली तशी ती सर्रकन आडवी पळाली आणि नळाच्या वर जाऊन थांबली, पाणी यायची वाट बघत बसल्यासारखी.

"असली कातीण म्या जन्मात बघितली नाही," शालूला कडेवर घट्ट धरून रंभाबाई म्हणाल्या. "अंगावरून गेली की फोड उठतेत. लेकराच्या अंगावरून गेली म्हणजे? अर्चना, हिथं एक तर ही राहील, नाही तर मी. शालूला घेऊन आजच गावाकडं जाते."

सासूबाई गेल्या की नोकरी गेली, हे अर्चनाला कुणी समजावून सांगायला नको होतं. झाडू मारावा, तर नेम चुकून ती कपाटामागे गेली की सासूबाई गाडीची वेळसुद्धा बघणार नाहीत.

तिने फोटो काढून मनीषला पाठवला. नवरा पाळीवर होता. त्याचं उत्तर आलं, "इथे सगळे म्हणतात जहरी आहे. एक जण म्हणतोय, मकडी नहीं, केकडा है." फोनवर शोधलं तर कुठल्या कुठल्या देशांतले भयंकर कोळी निघाले, आणि त्यातला प्रत्येक जण मोरीतलीचा सख्खा चुलतभाऊ दिसायला लागला.

शेवटी तिने शेजारच्या घरमालकीणबाईंना हाक मारली. जयवंतीकाकू मूळच्या केळव्याच्या. त्यांनी पदर खोचून मोरीत डोकावलं.

"ही होय? आमच्या वाडीतल्या घरात एखादी असतेच. झुरळं खाते. माणसाला काय करत नाय. तुमी उगाच भिता."

"तुमच्या वाडीपाशी समुद्र पण हाय," रंभाबाई म्हणाल्या. "म्हणून घरात घ्यायचा काय? आन् हिचं जाळं कुठाय?"

"ही जाळं नाय विणत. फिरती हाय."

"घर ना दार. असलीचा काय भरवसा." रंभाबाईंनी पिशवी ओढली आणि शालूची झबली कोंबायला घेतली.

जयवंतीकाकूंनी मोबाईलचा दिवा लावून वर धरला. कातीण हलली नाही. तिच्या पोटाखाली काहीतरी पांढरं, गोल, चपटं होतं, पेढ्यासारखं.

"काय धरलंय तिनं?" रंभाबाईंचे हात थांबले.

"अंडी. पिल्लं निघेस्तवर असंच पोटाशी धरून फिरते. तवर बहुतेक खात पण नाय."

"खात नाही?"

"नाय."

रंभाबाई झबलं हातात घेऊनच उठल्या आणि मोरीच्या दारापर्यंत आल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. गावाकडे भावकीत कुणी बाळंत झालं की शेक-शेगडीला त्यांनाच बोलावणं यायचं.

"एकलीच हाय?" त्यांनी विचारलं.

"एकलीच."

"आई ना सासू," रंभाबाई स्वतःशीच म्हणाल्या.

मग त्यांनी मोरीच्या दारात पाट आडवा लावला, कारण फोडांची भीती काही गेली नव्हती. शालूची आंघोळ मागच्या पायरीवर. फिनेल बंद. त्या भिंतीवर गरम पाणी उडवायचं नाही.

"मामी, म्हणजे तुम्ही राहणार?" अर्चनाने जपून विचारलं. सासूला ती मामीच म्हणायची.

"बाळंतिणीला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर काढतेत व्हय? तू जाशील कामाला. मग हितं कोण बघणार?"

रविवारी अर्चनाने फोनवर आणखी थोडं वाचलं आणि फोन उशीखाली ठेवून दिला. पण सोमवारी चपला घालताना तिला राहवेना. सासूबाईंना फसवून कामाला जायचं तिच्या जिवावर आलं.

"मामी, त्या पिशवीत शे-दोनशे पिल्लं असतात म्हणे."

रंभाबाई चहा गाळता गाळता थांबल्या. त्यांनी मोरीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"दोनशे," त्या म्हणाल्या. "मग सव्वा महिन्यात कसं आवरायचं तिनं? जा तू. बस चुकंल."

अर्चना पायरी उतरायला लागली तेव्हा आतून रंभाबाई शालूला हळू बोलायला सांगत होत्या.