गाडी आहे तोवर

ड्रायव्हरमामांनी आयुष्यात एकच गोष्ट घाईत केली आणि तीच त्यांच्या अंगाशी आली. आठ वर्षांपूर्वी साहेब दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. मामांचा हात धरून ते म्हणाले, "गाडी आहे तोवर बाईंना सोडू नकोस." गाडी तेव्हाच चौदा वर्षांची होती. असल्या महागड्या, नाजूक गाड्या टिकून टिकून टिकणार किती? फार तर तीन वर्षं, असा मामांनी मनातल्या मनात अंदाज बांधला आणि शब्द देऊन टाकला.

पण गाडी कुणाच्या हातात होती? मामांच्याच! हे काही शब्द देताना त्यांच्या लक्षात आलं नाही. कुठे जरा खुट्ट झालं की यांचे कान टवकारलेच. गाडी आता बावीस वर्षांची झाली होती, तरी लखलखत होती, आणि मामा त्रेसष्ट वर्षांचे होऊन तिच्या पुढच्या सीटवर तसेच बसून होते.

तिकडे दुसऱ्या गावाहून लेक दर रविवारी फोन करायची. "बाबा, तुमची खोली रंगवून दोन वर्षं झाली. आता तुमची नात शाळेत जाईल. तिला न्यायला-आणायला तुम्हीच या ना." मागून नात ओरडायची, "फोनवाले आजोबा!" फोनवाले! मामांना ते फार लागायचं.

त्या सोमवारी पुढच्या डाव्या चाकाकडून खुटखुट ऐकू आली, म्हणून मामांनी गाडी मेस्त्रीकडे नेली. मेस्त्रीने ती रॅम्पवर चढवली, खाली शिरून पहारीने एकेक जोड हलवून पाहिला.

"मामा, इकडे या. हे रबरी बुश चिरलेत. आणि गाडी ज्या हवेच्या बॅगांवर उभी राहते ना, त्या घडीपाशी फाटायला आल्यात."

"मग?"

"असंच चालवलंत तर एखादा मोठा खड्डा लागायचा अवकाश. बॅग फुटणार, गाडी एका कुशीवर बसणार, आणि कंप्रेसर हवा भरून भरून जळणार. मग दुरुस्तीच्या नादी लागू नका, सरळ भंगारात द्या. पण आत्ताच, काही बिघडायच्या आधी, चारही बॅगा, चाकं धरणारे आर्म, बुश सगळं एकदम बदललंत, तर दहा वर्षं बघायला नको."

दहा वर्षं! न्यायाधीशाने शिक्षा सुनावावी तसं मामांना झालं. मेस्त्रीने लागणाऱ्या सामानाची यादी लिहून दिली. मामांनी ती घडी करून खिशात कोंबली.

"काय म्हणाला मेस्त्री?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. ठीक आहे म्हणाला."

एकतीस वर्षांच्या नोकरीतली ही पहिली थाप. त्या दिवशी मामांना जेवण गेलं नाही.

फक्त एक खड्डा हवा होता, आणि खड्ड्यांना काय तोटा! कोपऱ्यावरचा रस्ता पाइप टाकायला उकरला होता. मंगळवारी मामा रिकामी गाडी घेऊन मुद्दाम तिकडून निघाले. खड्डा समोर आला. मामांनी दात-ओठ आवळले आणि ऐन वेळी हातांनी स्टिअरिंग वळवलं. चाक कडेकडेने अलगद निघून गेलं. "अरे गाढवा, सरळ ने की!" मामांनी स्वतःलाच झापलं. बुधवारी पुन्हा तेच. हात मेले ऐकतच नव्हते. तिसऱ्या फेरीला मामा गाडी कडेला लावून बसून राहिले. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

गुरुवारी बाई मागे बसल्या होत्या. गुडघ्यांच्या व्यायामाला जायचं होतं, रस्ता तोच. मामांनी खड्डा न लागू देता गाडी काढली. बाईंना बसवून तसलं काही करायचा विचारही त्यांच्या मनात आला नाही.

बाई समाधानाने म्हणाल्या, "पाठीला साधा हिसका नाही बघा. म्हणून तर मी साहेबांना तसं सुचवलं होतं."

"काय सुचवलं होतं?"

"अहो, ते तुमच्याकडून शब्द घेणार होते, मी आहे तोवर सोडून जायचं नाही म्हणून. मी म्हटलं, माझ्यावर नका घेऊ. माणूस माणसाला कंटाळतो. गाडीवर घ्या. गाडीला काही मामा मरू देणार नाहीत." आणि बाई मनापासून हसल्या.

म्हणजे बाईंनी ठरवून अडकवलं होतं! आठ वर्षं त्यांना वाटत होतं, आपण चुकून अडकलो. आता मात्र बोलायचंच! बाई, मला जाऊ द्या, माझी नात मला ओळखत नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. त्यांनी आरशात पाहिलं. बाई अजून हसत होत्या. मामांनी तोंड उघडलं.

डाव्या चाकाकडून खुटखुट झाली. सोमवारच्यापेक्षा जरा मोठी.

"बाई," मामा म्हणाले, "येताना मेस्त्रीकडे वळू या. आवाज येतोय."