वैजनाथ मास्तरांच्या डब्या

दिपाली नगरच्या एका छोट्या संग्रहालयात जुन्या कागदांची डागडुजी करते. फाटलेली पानं सांधायची, मोडी वाचून त्यांची नोंद करायची, हे तिचं काम. तीन वर्षांपूर्वी तिच्या टेबलावर वैजनाथ मास्तरांची पत्रं आली. मास्तर नगरला शाळेत शास्त्र शिकवायचे. १८९१ साली एक परदेशी खेळवाला मैदानावर बलून घेऊन आला, तेव्हा त्यांनी आपल्या मित्राला पत्रामागून पत्रं लिहिली. मला वर न्या म्हणून त्याच्या मागे लागलोय, उंचावरचा हवेचा दाब आणि थंडी दर पाव तासाने टिपणार, टिपणं पत्र्याच्या डब्यांत घालून खाली सोडणार, आणखी वर जायचं तर टोपलीतली वाळू ओतून भार कमी करणार. गठ्ठ्यातलं शेवटचं पत्र मात्र त्या मित्राने मास्तरांच्या बायकोला लिहिलेलं होतं. खेळवाला टोपलीत पाय टाकायच्या आत दोर निसटला, मास्तर एकटेच वर गेले, आणि बलून कुठे उतरल्याचं कुणालाच कळलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात संग्रहालयाने त्यातलं एक पत्र फेसबुकवर टाकलं. आठवड्याभरात कर्जत तालुक्यातल्या खडकवाडीहून भिमाजी नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. तसल्या तीन डब्या आमच्या घरात आहेत, पण आई त्या गावाबाहेर नेऊ देत नाही, तुम्हीच या, असं त्याचं म्हणणं.

दिपाली गेली. भिमाजीची आई आक्काबाई ऐंशीच्या पुढची, पण अजून खुरपायला जाणारी. तिने देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरून डब्या काढून समोर ठेवल्या. पहिली तिच्या आजेसासऱ्याला सापडलेली, फार जुनी. दुसरी तिला स्वतःला, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना. तिसरी भिमाजीला गेल्या महिन्यात, कांद्याच्या वाफ्यात. मोडी कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून कागद पाहून पुन्हा डबीत घालून ठेवलेले.

पहिली डबी गंजून मऊ झाली होती, दुसरीला डाग पडले होते. तिसरीत दिपालीला स्वतःचा चेहरा दिसला.

तिने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. एकाच वहीची पानं. तिन्हींच्या कोपऱ्यात झिरपलेल्या तेलाचा एकच डाग, पानागणिक लहान होत गेलेला. अक्षर तिच्या ओळखीचं होतं. दोन वर्षं ती तेच वाचत होती. तिसऱ्या पानावरून तिने बोट फिरवलं तर शिसपेन्सिलीची भुकटी बोटाला लागली. ती मोठ्याने वाचत गेली.

पहिल्या पानावर वेळ नऊ चाळीस. दाबाचे, थंडीचे आकडे, आणि खाली: बाजरीची रानं दिसतात, विहिरीवर मोट चालू आहे.

दुसऱ्यावर नऊ पंचावन्न. मघाची मोट दिसत नाही. हिरवं कुठेच काही नाही. बाया रांगेने दगड फोडत आहेत. एकीने वर पाहिलं.

"म्या बघितलं हुतं," आक्काबाई म्हणाली. "वर कायबी नव्हतं. पन कुनीतरी खोकलं."

तिसऱ्यावर दहा वाजून दहा मिनिटं. खाली निळ्या पाण्याचे चौकोन, कापून ठेवल्यासारखे. डोंगरावर पांढरी पाती फिरतात, फिरवणारा दिसत नाही. मी कुठे आलो कळत नाही. ज्याला ही डबी सापडेल त्याने गावाचं नाव जमिनीवर मोठ्या अक्षरांत लिहावं. कळलं की उतरेन. घरी वाट पाहत असतील.

मग आक्काबाईने भिमाजीला चुन्याची फक्की आणायला सांगितली.

शेततळ्यामागचं रान मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिघं तिथे राबली. एकेक अक्षर पुरुषभर उंचीचं. नाव लिहून झालं तेव्हा दिपाली म्हणाली की सालही लिहायला हवं. माणसाला न सांगता खाली बोलावणं तिला बरोबर वाटेना. आक्काबाईने मान हलवली.

"साल लिवू नको. आदी खाली येऊ दे. घरात बसवू, पानी देऊ. मंग सांगू."

एवढं बोलून ती पाणी आणायला विहिरीकडे गेली. भिमाजी रिकामी पोती झटकत होता. दिपाली थोडा वेळ उभी राहिली आणि मग तिने उरलेल्या फक्कीने नावाखाली आकडे ओढले. सन २०२५.

ऊन डोक्यावर आलं होतं. आकाशात ढगाचा तुकडाही नव्हता. तरी रानाच्या पूर्वेच्या बांधावरून एक गोल सावली आत आली. ती अक्षरांवर येऊन थांबली, आणि तिच्यात उभ्या असलेल्या दिपालीच्या अंगावर काटा आला, इतकी ती थंड होती. वर वेत कुरकुरल्यासारखा आवाज झाला. मग माणसाचा आवाज, दमलेला, पण शाळेत मुलांकडून वाचून घ्यावं तसा एकेक अक्षर सुटं करणारा.

"ख, ड, क, वा, डी."

तो हसला. हातात कळशी घेऊन आक्काबाई बांधावर थबकली होती. आवाज खालची ओळ वाचायला लागला. "सन दोन..." एवढंच. पुढचे आकडे त्याने वाचले नाहीत.

भिमाजीने वर हात करून हाका मारल्या, खाली या, आम्ही आहोत. मग वरून वाळू पडायला लागली, बारीक, कोरडी. आधी मूठभर, मग अख्खी पिशवी ओतल्यासारखी. सावली लहान होत होत ताटाएवढी झाली, आणि दिसेनाशी झाली.

आक्काबाईने कळशी खाली ठेवली. दिपालीने तिची माफी मागितली. म्हातारी एवढंच म्हणाली, "त्याला वज्झं टाकावं वाटलं, आपन काय करनार."

मग तिने खराटा आणला आणि सालावरून फिरवायला सुरुवात केली. दिपालीनेही दुसरा घेतला. आकडे पुसले गेले, पण फक्की वाळूत-मातीत मिसळून गेल्यामुळे त्या जागी एक फिकट पट्टा राहिला.

कागद खडकवाडीतच आहेत. दिपालीने संग्रहालयाच्या वहीत त्यांची नोंद केली नाही. दर महिन्याला ती एसटीने कर्जतला उतरते, भिमाजी मोटारसायकलवर न्यायला येतो, आणि तिघं मिळून पावसावाऱ्याने विरलेलं गावाचं नाव पुन्हा पांढरं करतात. त्या रानात भिमाजीने यंदा काहीच पेरलं नाही.