गुळाचा खडा

मालकाच्या घराच्या फाटकाची कडी काढता काढता दादाजींचं बोट लोखंडाच्या जोडावर रेंगाळलं. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनीच वेल्डिंग केलेलं फाटक. अजून केसभर फट नाही. "काय हात चालत होता गा तेव्हा," असं स्वतःशीच म्हणून ते हसले, आणि हसण्यापाठोपाठ खोकल्याची उबळ आली. उन्नतीने बापाला धरून पायरीवर बसवलं.

वेल्डिंगच्या धुराने फुफ्फुसं गेली, असं मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. भरपाईचा दावा लावू, वकीलबाई म्हणाल्या, पण बावीस वर्षं त्याच कारखान्यात होतात याला पुरावा काय? दादाजींकडे ना हजेरीचं कार्ड, ना पगाराची चिठ्ठी. मग निदान सांगणारं कोणी आणा, नाहीतर केस उभीच राहायची नाही. आता सांगणारं कुठून आणावं? सोबतचे सगळेच असे खोकत खोकत गेलेले.

म्हणून ते मालकाच्या घरी आले होते. मालक आता नव्हते. मुलगा विहंग भेटला. पोरांच्या तान्ह्या पोळ्याला ज्याच्या लाकडी नंदीला दादाजींनी चाकं बसवून दिली होती, तोच हा. काका, जुने कागद कुठे राहिले, म्हणाला, आणि बाबांच्या वेळचे कामगार मला कुठे आठवतात. चहाचं विचारलं, पण कानावर हात ठेवले ते ठेवलेच.

दादाजी पुन्हा खोकले. तो आवाज ऐकून आतून यमुताई आल्या, विहंगच्या आई. भिंत धरत धरत आल्या आणि मूठ पुढे केली. मुठीत गुळाचा खडा होता.

"दादाजीच ना? घ्या."

दादाजींचे डोळे भरून आले. रोज सुट्टी झाली की बाई अशाच कारखान्याच्या दारात उभ्या असायच्या. काळ्या हातांची रांग, आणि प्रत्येक हातावर एकेक खडा. गुळाने धूर उतरते, सगळेच म्हणत. पगार कधी पुढेमागे झाला असेल, गूळ कधी चुकला नाही. अशी माया कोण लावतं?

"आई, तू आत जा," विहंग म्हणाला.

"बावीस वर्षं यांच्या हातावर गूळ ठेवलाय मी. आत काय जाऊ?" यमुताई खुर्चीवर टेकल्या. "आतून ऐकलंय मी सगळं. कुठे सही लागत असेल तर सांगा दादाजी, मी करते."

काम झालं होतं. दादाजी हात जोडायला गेले, तर बाईंनी ते मध्येच धरले.

"हात नका जोडू. कारखान्याच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी आमच्या यांना बजावलं होतं, धूर ओढणारे पंखे लावा, मास्क द्या, नाहीतर माणसं जातील. हे म्हणाले, परवडत नाही, तू गूळ वाट. उन्नती, हेही लिहून घे बाई."

दादाजींनी हातातल्या खड्याकडे पाहिलं.

"तुम्ही मले तेव्हाच काहून नाही सांगितलं, बाई?"

"तुम्ही सगळे इतके हसत घ्यायचा," यमुताई म्हणाल्या.

त्या हातचा खडा दादाजींनी आजवर कधी तोंडात टाकल्याशिवाय ठेवला नव्हता. आज तो मुठीत धरूनच ते फाटकापर्यंत आले. कडी लावायला मूठ उघडावी लागली असती. ती उन्नतीने लावली.