चार दहाची गाडी

"हात सोड माझा. चार दहाची चुकली तर तुझे बाबा फलाटावर ताटकळत बसतील."

औषधांच्या दुकानासमोर, भर रस्त्यात, आईनं मनगट सोडवून घेतलं. दुसऱ्या हातात तिची निळी पिशवी होती. त्यात टॉवेल, कंगवा आणि बाबांचा धुतलेला शर्ट. बायकोचा फोन आला म्हणून मी ऑफिसातून तसाच धावत आलो होतो. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली आणि त्या स्टेशनचे रूळ उपटून अठ्ठावीस.

"आई, चार दहाची गाडी नव्हतीच कधी. चार चाळीसची होती. आमच्या ऑफिसात छापील वेळापत्रक आहे."

"आणि चिठ्ठी? चिठ्ठी बघितलीस?"

"कसली चिठ्ठी?"

"मग गप्प बस," आई म्हणाली आणि चालायला लागली.

तिचं रोजचं झालं होतं हे. साडेतीन वाजले की पिशवी भरायची आणि निघायचं. मागच्या आठवड्यात नाक्यावर पडली, गुडघा फुटला. गाडी कधीच बंद झाली, असं मी शंभरदा सांगून पाहिलं. पण आई पडली स्टेशनमास्तरची बायको. बाबा प्रवाशांना सांगायचे, तोंडी ऐकू नका, छापलेलं बघा. आई तेच धरून बसली होती. शेवटी ताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, फोनवरून निकाल दिला होता: दाराला बाहेरून कडी लावा. सोमवारी सुतार येणार होता. कडी आणूनही ठेवली होती, पितळी, चांगली जाडजूड. कपाटात तिच्याकडे लक्ष गेलं की मी कपाट लावून टाकायचो. सख्ख्या आईला कोंडून मी ऑफिसात जाऊन बसायचं?

माझं ऑफिस म्हणजे राष्ट्रीय ग्रंथालय. नाव मोठं, खुर्ची लहान. देशात जे जे छापलं जातं त्याची एक प्रत आमच्याकडे आलीच पाहिजे, असा कायदा आहे. पुस्तकं येतात ती वरच्या मजल्यावर, हुशार लोकांकडे. तळमजल्यावर माझ्याकडे येतात वेळापत्रकं, दरपत्रकं, कॅलेंडरं आणि कुठल्याशा पाणीपुरवठा खात्याचे अहवाल. आलं की शिक्का मारायचा, क्रमांक द्यायचा, खोक्यात घालायचं. चौतीस वर्षं हेच करतोय. ताईचे यजमान मला रद्दीसम्राट म्हणतात. "काय रद्दीसम्राट, वाचतं का हो कुणी हे?" दर भेटीत तोच विनोद, आणि दर भेटीत मी हसतो. कारण खरंच कुणी वाचत नाही. पण उद्या कुणाला लागलं तर? या एका 'तर'वर माझा पगार चालतो.

त्या दिवशी आईला कसंबसं घरी पोचवून परत आलो, तरी ती चिठ्ठी डोक्यातून जाईना. वेळापत्रकाचा खंड काढला. आईच्या स्टेशनसमोर चार चाळीस, स्वच्छ छापलेलं. मग काय मनात आलं कोण जाणे, मी सुट्या कागदांची खोकी उपसायला घेतली. सहाव्या खोक्यात सापडली. बोटभर लांबीची गुलाबी चिठ्ठी: 'दुरुस्ती. पान एकशे बारा. चार चाळीसऐवजी चार दहा वाचावे. ही चिठ्ठी त्या जागी चिकटवावी.' खाली आमचा शिक्का, आणि स्वतंत्र प्रकाशन म्हणून दिलेला स्वतंत्र क्रमांक.

अक्षर माझंच होतं. नोकरीतलं पहिलं वर्ष! छापील आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा, एवढं शिकवलं होतं, मी दिला. चिकटवायला काही शिकवलं नव्हतं. चौतीस वर्षं चूक एका खोलीत आणि दुरुस्ती दुसऱ्या खोलीत, दोन्ही अगदी सुरक्षित. आणि मी आईला म्हणत होतो, तुझ्या लक्षात राहत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी ठेवून म्हणाली, "अहो, मग त्यांना तिथंच घेऊन जा की. छापलेलं मानतात ना त्या? गाडी बंद झाल्याचंही छापलं असेल तुमच्याकडे."

होतं. पुढच्या एका वर्षाच्या खंडात होतं. आईची सबंध लाईन गाळलेली आणि तळाला एक ओळ: 'या मार्गावरील वाहतूक कायमची बंद.' हेच दाखवायचं, मी ठरवलं. क्रूर होतं, पण कडीपेक्षा बरं.

शनिवारी साडेतीनला आई पिशवी घेऊन उठली तेव्हा मीच म्हणालो, "चल, आधी वेळ बघून येऊ." ती लगेच तयार झाली.

वाचनकक्षाच्या बाई शिस्तीच्या. आमच्याकडचे सगळे त्यांना टरकून असतात. त्यांनी पासाचा अर्ज पुढं ओढला. "वाचनाचा उद्देश?"

"प्रवास," आई म्हणाली.

"आजी, इथं अभ्यास, संशोधन आणि इतर असं आहे. इतर लिहू?"

"इतर कशाला? प्रवासच लिहा. लपवायचंय काय त्यात?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग त्यांनी तिन्ही रकाने खोडले आणि ठसठशीत अक्षरात 'प्रवास' लिहिलं.

त्या वेळी वाचनकक्षात उंच खिडक्यांतून ऊन येतं आणि टेबलांवर लांबच लांब पसरतं. पंखे हळू फिरत असतात. आईला मी खिडकीशी बसवलं, पुढ्यात जुना खंड उघडला, एकशे बारा पानावर गुलाबी चिठ्ठी ठेवली. बंद झाल्याचा खंड माझ्या काखेत होता.

आईनं चिठ्ठीवरून बोट फिरवलं. "हीच ती. ह्यांनी पत्रावर पत्रं लिहिली तेव्हा कुठं छापली." मग तिचं बोट रकान्याच्या वरच्या टोकाला गेलं आणि तिथून निघालं, एकेका स्टेशनवर थांबत. "इथं इंजिन पाणी घेतं. उतरलं तरी चालतं, पाय मोकळे होतात. आता चढ लागेल. खिडकी लावून घ्या, कोळसा जातो डोळ्यात." मी खरोखर खिडकीकडे पाहिलं. ऊन टेबलावरून सरकत होतं आणि मला वाटलं, आम्हीच सरकतोय. कुठल्याशा बोगद्यापाशी आई गप्प झाली. बोगदा संपल्यावर ती हसली.

"तुम्ही इथलेच का?" तिनं विचारलं.

मी मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "इथलाच."

"माझा मुलगाही असाच कामाला आहे कुठंतरी. कागद सांभाळतो. लोक हसतात हो त्याला. जावई तर फार हसतात. मला नाही आवडत. तो साधा आहे, पण त्याच्याकडे दिलेली वस्तू हरवत नाही."

काखेतला खंड मी मागं धरला आणि मग हळूच शेजारच्या खुर्चीवर पालथा ठेवला. नाही दाखवला. मला नाही जमलं, आणि जमलं नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आई गाडीबरोबर खाली येत आली. तिच्या स्टेशनवर बोट थांबलं आणि तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून बारा मिनिटं.

"गेली," ती म्हणाली. मी खुर्ची मागं सरकवली. आता उठेल, दाराकडे धावेल. पण वेळेवर येऊन वेळेवर गेलेल्या गाडीबद्दल आई कधी कुणाशी भांडली नव्हती. तिनं खंड मिटला, वर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"अरे, तू कधी आलास? चल घरी. तुझी बायको चहाला खोळंबली असेल."

सोमवारी सुतार आला. त्याच्याकडून स्वयंपाकघराचं हलणारं स्टूल नीट करून घेतलं आणि त्याला चहा पाजून लावून दिला. ताईचा फोन आला तेव्हा बायकोनंच घेतला. "कडी नको वन्सं," ती म्हणाली. "आई आता रोज ग्रंथालयात जाणार आहेत."

आता रोज साडेतीनला बायको आईला वाचनकक्षाच्या दारापर्यंत सोडते. मागणीचिठ्ठी आई स्वतः भरते, माझी मदत घेत नाही. बाई आधीच खंड काढून ठेवतात, पण चिठ्ठी भरल्याशिवाय देत नाहीत. कधी आई मला ओळखते, कधी 'साहेब' म्हणते. साहेब म्हणाली की मीही तिला 'बसा' म्हणतो. दुसरा खंड मी जागेवर नेऊन ठेवला आहे. तो अजून कुणी मागितलेला नाही.

संध्याकाळी दिवसभराच्या मागणीचिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे आहे. आईची कितीही वाकड्या अक्षरात असली तरी चटकन सापडते. खंड: वेळापत्रक. उद्देश: प्रवास. आणि 'किती वेळ हवा' या रकान्यात, रोज न चुकता: चार दहापर्यंत.