बिनठिणगीचं वेल्डिंग

मी निवृत्ती. अंबडच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं वेल्डिंग केलं, डोळ्यांची वाट लावून घेतली. आणि आता म्हणे वेल्डिंगला ठिणगीच लागत नाही! वर ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली पोलादाचा आणि त्यात गरगर फिरणारी एक बोथट पिन. धातू वितळवायचा नाही, नुसता मळायचा. मग पोळ्या करणाऱ्या बायकांनाही वेल्डर म्हणा की! या यंत्रासाठी चैताली नावाची इंजिनियर आणली. हातावर भाजल्याचा एक डाग नाही.

तिची नेमणूक सहा महिन्यांची. आज पुण्याहून गिऱ्हाईक कंपनीची मंडळी येऊन सांधा तपासणार होती. टिकला तर ती कायम, नाही तर घरी.

यंत्र तयार ठेवून ती पाहुण्यांना आणायला गेटवर गेली. मी पडद्यावर आकडा वाचला. पिन मिनिटाला दीडशे मिलिमीटर सरकणार होती. दीडशे! एवढ्या घाईत धातूला धातू धरतो होय? सांध्याला तापायला वेळ द्यावा लागतो, एवढंही या शिकलेल्यांना कळू नये? तिच्यामागे उभं राहून बटणं मी पाठ केली होतीच. आकडा चाळीसवर आणला. म्हटलं, पोरीची नोकरी वाचू दे, मग सांगेन कुणाच्या अकलेनं वाचली ते.

मंडळी आली, तिनं बटण दाबलं. पिन रेंगाळत निघाली तशी ती बावरली, पण सगळ्यांसमोर थांबवणार कशी? सांधा दिसायला सुरेख झाला. पाहुण्यांनी पत्रा शिकंज्यात धरून ओढला आणि ॲल्युमिनियम कडकन सुटून हातात आलं.

"फार तापलंय," पाहुणे म्हणाले. "वेग इतका कमी ठेवला की मध्ये ठिसूळ थर धरतो."

चैताली पडद्याकडे धावली. "चाळीस? मी दीडशे ठेवला होता!" मग माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही हात लावलात?"

मालक हसले. "निवृत्ती? अगं, त्याला हे यंत्र चालू कुठून करतात तेही ठाऊक नाही. स्वतःची चूक म्हाताऱ्यावर ढकलू नकोस."

एवढा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. चैताली अजून माझ्याकडेच बघत होती. लाज वाटत होती, तरी तोंडातून निघालं ते हेच, "नाय साहेब, मला काय कळतंय त्यातलं!"